तिसरी फांदी

आमच्या घरमालकांना कोणी काहीही सांगायला आलं, की ते आधी एकच विचारायचे, "पायलं का आयकलं?"

दूधवाल्याने सांगितलं, साहेबाची बदली झाली. "पायलं का आयकलं?" शेजारणीने सांगितलं, अमक्याच्या सुनेला मुलगा झाला. "पायलं का आयकलं?" ती चिडून म्हणाली, "आता का मी बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बसू, नाकेदार?" ते शांतपणे म्हणाले, "नको बसू. पण मंग आयकलं म्हण."

ते जंगलखात्यात होते. आता वनरक्षक म्हणतात, आमच्या नाकाडोंगरीकडे नाकेदार म्हणायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गावासाठी ते नाकेदारच राहिले. मी त्यांना मामाजी म्हणत असे, आमच्याकडे सासऱ्याला म्हणतात तसं. माझे यजमान खाणीवर कामाला जायचे आणि आम्ही मामाजींच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. त्यांची बायको वारली होती, मुलगा नागपूरला होता. सकाळचा चहा आणि दोन वेळचं जेवण मी त्यांना नेऊन द्यायची. डोक्यावर पदर घ्यायचा, ताट ठेवायचं आणि परतायचं. पहिल्या वर्षात मी त्यांच्याशी दहा वाक्यं बोलले नसेन. मला कोणाशीच बोलता येत नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. एकदा यजमानांना म्हणाले, "तुही बायको सांबरासारखी आहे गा. आहे हे समजते, दिसत नाही."

त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, शाळेत असतो तसा, कापडावर चिकटवलेला. त्यावर लाल आणि हिरवे ठिपके होते. लाल म्हणजे सांबर, हिरवे म्हणजे चितळ. नकाशाखाली एका डब्यात तीन पेन्सिली होत्या. लाल आणि हिरवी घासून बोटाएवढ्या झाल्या होत्या. निळी मात्र दुकानातून आणली तशी, टोकही न काढलेली. ती कशाची, हे मला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं.

कपाटात काडीपेट्यांच्या थप्प्या होत्या. प्रत्येक पेटीत वाळलेल्या लेंड्या आणि वर कागदाची चिठ्ठी: कोणतं जनावर, कोणतं ठिकाण, कोणता दिवस. एकदा त्यांच्या खात्यातले एक जुने सोबती भेटायला आले. बोलता बोलता बिडी काढली, हात लांबवून एक पेटी उघडली आणि आत बोट घातलं.

"हे काय होय बे?"

"सांबर. मादी. कोरडी आहे, घाबरू नको."

सोबत्याने बोट धोतराला पुसलं. "लोकं म्हातारपणी सोनंनाणं ठेवतेत. तू हे ठेवून राहिला?"

"सोनं कुठचं आहे ते सांगता येत नाही," मामाजी म्हणाले. "हे सांगता येते."

हसू आलं तरी ते हसायचे नाहीत. अशा वेळी चष्मा काढून पुसायचे.

गावातल्या लोकांशी त्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, ते म्हणजे नाव. चौकात कोणी म्हणालं, हरणांनी तूर खाल्ली, की ते थांबायचे. कोणतं हरीण? मग कळायचं की रोही होते, म्हणजे नीलगाय. "मंग हरीण काहून म्हणता? जे दरसाल डोक्यावरचं शिंग टाकून देते अन् नवं उगवते, ते हरणाचं कूळ. सांबर, चितळ, भेकर. रोह्याचं शिंग जन्मभर तेच राहते. ते गाई-बकरीच्या कुळातलं."

एका शेतकऱ्याने त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "नाकेदार, माह्या तुरीले काय फरक पडते, हरणानं खाल्ली का गाईनं?"

"तुह्या तुरीले नाही पडत. त्याले पडते."

लोक हसले. त्यांनी चष्मा पुसला.

सर्वांत मोठा राग बारशिंगा या नावाचा. आमच्याकडे मोठ्या शिंगांचा सांबर दिसला की लोक सरळ बारशिंगा म्हणतात. एकदा जंगलातून आलेला एक सांबर विहिरीत पडून मेला आणि पेपरात छापून आलं, बारशिंगा विहिरीत. मामाजी तो पेपर घेऊन एसटीने भंडाऱ्याला गेले. बातमी लिहिणाऱ्याला त्यांनी फोटोतली शिंगांची टोकं मोजायला लावली. एका शिंगाला तीन. एक खाली कपाळाजवळ, दोन वर. दोन्ही मिळून सहा. "बारा दाखव," ते म्हणाले, "आताच्या आता तुह्या पायावर डोकं ठेवतो." संध्याकाळच्या गाडीने परत आले तेव्हा दमले होते. मी चहा दिला. ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ज्याले-त्याले बारशिंगा म्हटलं, तं खरा बारशिंगा होता का नव्हता, हे कोणाले समजन?"

मी चौथीपर्यंत शिकले. लग्नानंतर लिहायचं कामच पडलं नाही. राशनच्या कागदावर सही करायची, तेवढंच. पण मामाजींचा हात कापायला लागला आणि चिठ्ठ्यांवरची अक्षरं त्यांची त्यांनाच लागेनाशी झाली. एक दिवस ताट ठेवून मी वळले, तर म्हणाले, "बाई, लिवता येते का?" मी मान हलवली. त्यांनी माझ्यासमोर वही सरकवली.

ती मोठी, लांब वही होती. प्रत्येक पानावर रेघा मारून रकाने केले होते. जनावर, ठिकाण, दिवस. शेवटचे दोन रकाने होते, 'पाहिलं' आणि 'ऐकलं'. ज्याने समोर बसून सांगितलं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर पहिल्यात बरोबरची खूण करायची, नाही तर दुसऱ्यात. माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका त्यांनी कधी काढल्या नाहीत. खूण चुकीच्या रकान्यात पडली तर मात्र पूर्ण ओळ परत लिहायला लावत.

उन्हाळ्यात मी बायकांबरोबर मोहफुलं वेचायला जायची. एका पहाटे बोडीच्या पाळीवर, म्हणजे लहान तळ्याच्या काठावर, सांबराची मादी उभी दिसली. कान मोठे, मानेवर दाट केस, अंगाला चिखल. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. बाकीच्या बायकांचा आवाज आला तशी ती वळली आणि झाडांत गेली. दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मामाजी वही उघडून बसले होते, तेव्हा तोंडातून निघालं. त्यांनी विचारलंच, "पायलं का आयकलं?"

"पायलं," मी म्हणाले.

"मंग लिव."

मी लिहिलं. सांगणाऱ्याच्या जागी माझं नाव मीच लिहिलं आणि 'पाहिलं'मध्ये खूण केली. मग त्यांनी उठून नकाशावर लाल ठिपका दिला. हात कापत होता, म्हणून तो ठिपका जरा लांबट झाला. मी पाहिलेली गोष्ट कोणी तरी खरी धरून ठेवली, असं माझ्या आयुष्यात तोवर झालं नव्हतं. नकाशासमोरून जाताना मी दरवेळी त्या ठिपक्याकडे पाहायची.

त्याच वहीच्या पहिल्या पानावरची पहिली ओळ मी नंतर कधी तरी वाचली. तेव्हा त्यांचं अक्षर तरुण होतं. 'बारशिंगे. कळप. वैनगंगेकाठचं गवत. सांगणारे आजोबा.' खूण 'ऐकलं'मध्ये.

मी ती ओळ वाचत होते हे त्यांनी पाहिलं. म्हणाले, "माह्या आजानं लहानपणी पायले होते. मी शाळेत सांगतलं तं मास्तर म्हणे, तुहा आजा गप्पा मारते, आपल्या जिल्ह्यात कुठचा बारशिंगा? पोट्टे हसले. घरी येऊन आजाले सांगतलं. आजानं त्याच्यानंतर कधी ते नाव काढलं नाही."

त्यांच्याजवळच्या एका जुन्या पुस्तकात नकाशा होता. बारशिंगे कुठे कुठे होते, तेवढा भाग त्यात रंगवलेला होता. तो रंग आपल्या जिल्ह्याच्या शिवेवर येऊन थांबला होता. नोकरीभर ते त्या रंगाच्या पुढचा एक ठिपका शोधत राहिले. निळी पेन्सिल त्यासाठी होती.

"आजा खोटा बोलणारा नव्हता," ते म्हणाले. "पण वही मांडली तवा विचारायले आजा नव्हता, अन् मी पायलं नाही. आजाचं आहे म्हणून त्याले पहिल्या रकान्यात कसं टाकू?"

पुष्कळ दिवस विचार करून मी एकदा बोलले. माझं माहेर अड्याळजवळचं. आमच्या आळीत एक म्हातारी सुईण होती. लहान मुलांची छाती भरली, कोणाची बरगडी दुखली, की ती शिंग उगाळून लेप द्यायची. सगळे त्याला सांबरशिंग म्हणत. मला लहानपणी तो लेप किती तरी वेळा लागला होता. त्या शिंगाला वर फांद्या होत्या, एवढं मला आठवत होतं. मामाजींनी विचारलं, "किती?" मला सांगता आलं नाही.

त्या हिवाळ्यात मी माहेरी निघाले तेव्हा ते माझ्याबरोबर आले. सुईण अजून होती, पण डोळ्यांनी अधू. मामाजी जंगलखात्यातले, हे कळल्यावर तिची सून म्हणाली, असं काही आमच्या घरी नाही. म्हातारी आतून ओरडली, "आहे. काहून खोटं बोलून राहिली वं?"

शिंगाचा वरचाच भाग होता, हातभर लांब, खालून तुटलेला. पिवळसर, गुळगुळीत. मामाजींनी ते उजेडात नेलं आणि किती तरी वेळ फिरवून फिरवून पाहिलं. म्हातारी सांगत होती की ते तिच्या सासूच्या सासूपासून घरात आहे, नदीकाठच्या गवतात मारलेल्या जनावराचं. मामाजी म्हणाले, "माय, हे घरात ठेवणं गुन्हा आहे. उगाळणं त्याच्याहून मोठा गुन्हा."

"मंग मले जेलात टाकतेस का, बाबू? दात नाहीत, तुमच्या जेलातल्या भाकरी चावल्या जाणार नाहीत." ती हसली. "घेऊन जा. आता पोट्टे दवाखान्यातच जातेत. अन् तू पोरी," ती माझ्याकडे वळली, "कोणाची बरगडी धरली तं लावजो. वाया नको जाऊ देऊ."

त्यांनी भंडाऱ्याला उतरून जंगलखात्याच्या कचेरीत अर्ज दिला, असं असं शिंग सापडलं आहे, जाणकार माणसाला दाखवून जमा करतो म्हणून. मग जंगली जनावरांचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीला फोन केला. ती पूर्वी एकदा त्यांची वही पाहायला आली होती. माझ्या यजमानांनी मोबाईलवर शिंगाचा फोटो काढून तिला पाठवला. ती म्हणाली, फोटोत तर दोनच फांद्या दिसतात. "तिसरी खाली दबली आहे," मामाजी म्हणाले. "हातात घेऊन पाय." यजमान म्हणाले, दुसरा फोटो काढू. पण त्यांनी नको म्हटलं. "फोटो म्हणजे अर्धं आयकलंच. तिले येऊ द्या."

ती आठ दिवसांनी येणार होती. शिंग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवताना त्यांनी मला बजावलं, "याच्या फांद्यांत सगळं आहे, बाई. झाडलोट करताना फांद्यांले धक्का नको लागू देऊ." मी विचारलं नाही की सगळं म्हणजे काय. ओळ लिहायला वहीही उघडली नव्हती. दुसऱ्या जाणत्या माणसाने पाहून हो म्हटल्याशिवाय लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. एवढं म्हणाले, "एका शिंगानं सिद्ध नाही होत. पण तिनं हो म्हटलं, तं ती नदीकाठच्या घराघरांत विचारायले लावन. तपास सुरू होईन. आजाची ओळ तपासल्या जाईन." आणि त्यांनी निळ्या पेन्सिलीचं टोक काढलं. इतकं सावकाश, की साल एका तुकड्यात निघाली.

चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला. प्रवासात थंडी लागली होती. दवाखान्यातून गोळ्या आणल्या, पण उजवी बरगडी अशी धरली की श्वास घेताना ते डोळे मिटून घेत. नागपूरला फोन केला, मुलगा दोन दिवसांनी येतो म्हणाला. यजमान खाणीवर होते. भर दुपारी घरात मी आणि ते दोघेच. ते विव्हळले तशी मला भीती वाटली की हा माणूस माझ्यासमोर जाणार.

मला लहानपणापासून बरगडीवर एकच औषध माहीत होतं आणि ते फळीवर होतं. गुन्हा आहे, हे मला आठवलं. पण त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी फडकं सोडलं. फांद्यांना धक्का नको, हे माझ्या पक्कं ध्यानात होतं. दोन लांब, टोकदार फांद्या होत्या. त्यांना मी हात लावला नाही. त्यांच्या बाजूला नखाएवढा एक खुंट होता, पिढ्यान्‌पिढ्या उगाळून झिजलेला. सुईणही तोच उगाळायची. मला वाटलं, हा तर वापरलेलाच आहे, हा फांद्यांत येत नाही. सहाण धुतली, पाणी घेतलं आणि तो खुंट उगाळला. चांगल्या फांद्या वाचवल्या, असं मनात समाधानही होतं. त्या दिवशी दोनदा लेप दिला, दुसऱ्या दिवशी दोनदा. ते तापात होते. एकदा विचारलं, "काय लावून राहिली, बाई?" मी म्हणाले, "लेप आहे, मामाजी." शेवटी खुंटाच्या जागी फक्त एक पांढरा, सपाट डाग राहिला. मी शिंग पुसलं आणि फडक्यात जसंच्या तसं बांधलं.

ताप उतरला. मुलगा येऊन पाहून गेला. ठरल्या दिवशी ती मुलगी आली, पाठीवर बॅग, हातात मोजायची पट्टी. मामाजी स्वच्छ सदरा घालून बसले होते. निळी पेन्सिल वहीवर ठेवली होती. मी चहा घेऊन दारात होते. त्यांनी फडक्याची गाठ सोडली, शिंग हातात घेतलं, फिरवलं आणि थांबले.

अंगठा त्या पांढऱ्या डागावर ठेवला. मग तोच हात सदऱ्यावरून उजव्या बरगडीवर गेला. त्यांनी वर पाहिलं, दारात, माझ्याकडे. क्षणभरच. तेव्हा मला समजलं की तिसरी फांदी कोणती होती. सांबराच्या शिंगाला वर दोनच फांद्या असतात, तिसरी होती म्हणूनच ते बारशिंग्याचं होतं. मी चहा दारातच खाली ठेवला.

"आजोबा, दाखवा ना," मुलगी म्हणाली.

त्यांनी शिंग तिच्या हातात दिलं. "सांबर आहे," ते म्हणाले.

तिने पट्टी लावली, बोट फिरवलं. "पण हे फार गुळगुळीत आहे, आजोबा. सांबराचं इतकं नसतं."

"घराघरांत हाताळून तसं झालं."

"आणि इथे हे ताजं घासल्यासारखं दिसतंय. इथे काही होतं का?"

"म्हातारी घासत होती. तिथं काही नव्हतं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही फोनवर तीन फांद्या सांगितल्या होत्या."

ते म्हणाले, "आयकलं होतं. पायलं नव्हतं."

मला बोलायचं होतं. मी घासली म्हणाले असते तर मुलीने वही काढली असती, गुन्हा म्हणाली असती, की नसती, कोण जाणे. त्यांना ते नको होतं एवढं मला दिसलं. पण मी बोलले नाही त्याचं कारण ते नव्हतं. मला बोलता आलं नाही.

ती गेल्यावर त्यांनी मला वही काढायला लावली. सांगितलं तसं मी लिहिलं, 'सांबर. शिंग. अड्याळजवळ.' पेन्सिल त्यांनी परत डब्यात टाकली. मी तिथेच उभी राहिले, पदर धरून. ते म्हणाले, "बाई, बरगडी दुखायची थांबली ब्वा." मग चष्मा काढून पुसू लागले.

दोन दिवसांनी त्यांनी शिंग कचेरीत सांबराचं म्हणून जमा केलं. लोकांना नाव चुकलं म्हणून टोकणं मात्र त्यानंतर त्यांनी सोडून दिलं. चौकात कोणी बारशिंगा म्हणालं तर ऐकून पुढे जायचे. गावाला वाटलं, नाकेदार थकले.

ते दोन वर्षांनी गेले. मुलाने घर रिकामं केलं तेव्हा नकाशा, काडीपेट्या, सगळं अंगणात काढलं होतं. मी यजमानांकरवी वही आणि पेन्सिलींचा डबा मागून घेतला. मुलगा म्हणाला, घेऊन जा, आम्हाला काय कामाचं. आता आम्ही दुसरीकडे राहतो. वही माझ्या पेटीत, लुगड्यांच्या खाली असते. कोणी नदीकाठच्या घरांत विचारत फिरलं नाही. मामाजींच्या आजोबांची ओळ आहे तिथेच आहे.

काल मी वही काढली. ती 'सांबर'ची ओळ माझ्याच अक्षरात होती. ती खोडली नाही, त्यांनी सांगितलेली आहे. तिच्याखाली निळ्या पेन्सिलीने दुसरी लिहिली. टोक अजून तसंच होतं.

'बारशिंगा. शिंग. अड्याळजवळ, सुईणबाईच्या घरी. फांद्या तीन. तिसरी मी उगाळली.'

खाली माझं नाव लिहिलं आणि 'पाहिलं'मध्ये खूण केली.